पाडसाची खोटी हाक

ही गोष्ट खरी आहे. ज्याच्यावर बेतली तो माझ्या आईचा धाकटा भाऊ, गराई. त्याने ती आयुष्यात दोनदाच सांगितली. दुसऱ्यांदा सांगितली तेव्हा मी त्याच्यासमोर बसलो होतो.

साल २००९. जूनची सहा तारीख. बालेह नदीच्या वरच्या अंगाला, बावीस कुटुंबं एकाच लांबलचक छपराखाली राहतात त्या आमच्या लांबघरापासून होडीने तासभर अंतरावरचं रान.

रात्र नव्हती. भर दुपार होती.

सुगीचा सण नुकताच उरकला होता. घरात मांसाचा तुकडा उरला नव्हता. गराई आपल्या सासऱ्याबरोबर, लांतिंगबरोबर निघाला. दोघंही पट्टीचे शिकारी, पण पटायचं नाही. म्हातारा कुत्री सोडून भाल्याने रानडुक्कर मारणारा. गराई एका जागी बसून बंदूक चालवणारा. त्या दिवशी गराईच्या हट्टापायी कुत्री घरी राहिली होती.

चढावर गराईने बसकण मारली. एक पान तोडलं, दुमडलं, ओठांत धरलं.

लांतिंगने त्याचा हात पकडला.

"पाडसाचा आवाज काढणार?"

"मग काय, तुमच्यासारखं धावत सुटू? भेकराची मादी आपल्या पायांनी चालत येते."

"म्हणूनच नको. ती चरायला येत नाही रे. लेकरू संकटात आहे म्हणून येते. आईला असं फसवून मारू नये."

गराई हसला. "बाबा, तुमची कुत्री डुकराला अर्धा अर्धा तास फाडतात. माझी एक गोळी, खेळ खल्लास. पाप कुणाचं मोठं?"

"डुकराला पळता येतं. सुळे असतात. माझ्या मांडीला विचार." म्हाताऱ्याने मांडीवरचा लांबलचक वण दाखवला. "हिच्याकडे काय आहे?"

"ताटात पडल्यावर कोण विचारतं, कसं मेलं ते?"

"मी विचारतो, जावईबापू."

गराईने पान फुंकलं.

बारीक, चिरका आवाज. एकदा. दोनदा.

तिसऱ्यांदा फुंकायच्या आत मादी आली. धावतच आली. माणसं दिसली, तरी थांबली नाही.

एकच गोळी. गराईने शब्द खरा केला.

जवळ जाऊन त्याने तिला उलटी केली... कासेतून दूध गळत होतं.



आणि तेवढ्यात...

पाडस ओरडलं.

"हिचंच असणार," म्हातारा म्हणाला. "ऊठ. त्याला उपाशी मरायला सोडून जायचं नाही."

हे गराईलाही पटलं. दोघं आवाजाच्या रोखाने निघाले. वीस पावलं गेले... आवाज पुढे सरकला. आणखी वीस... आणखी पुढे.

पाचोळा वाजत नव्हता. झुडूप हलत नव्हतं. दिवसभर किरकिरणारे किडे गप्प झाले होते.

नुसतं ते ओरडणं.

ओढ्यापाशी पोचले, आणि त्या आवाजाला मध्येच... उचकी लागली.

गराई जागच्या जागी थिजला.

घरी त्याची चार महिन्यांची मुलगी होती. अजून नाव ठेवलेलं नव्हतं. आमच्याकडे नाव ठेवेपर्यंत बाळाला 'अळी' म्हणतात, तसंच सगळे तिला म्हणत. ती अशीच रडायची. दोन हुंदके, एक उचकी. दोन हुंदके, एक उचकी.

"बाबा... ही आपली अळी रडतेय."

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला होता. त्यानेही ओळखलं होतं.

मादी तिथेच टाकून दोघं होडीकडे पळाले.

लांबघराच्या शिडीपाशी सेंदी, गराईची बायको, वाटच बघत होती. पोर कडेवर. धडधाकट.

गराईचा जीव भांड्यात पडला.

"हिला बघ ना," सेंदी म्हणाली. "दुपारपासून..."

अळी रडत होती. चेहरा लालभडक. डोळ्यांतून धारा. तोंड उघडं.

आवाज नव्हता.

दवाखान्यात घसा तपासला. सगळं ठीक आहे म्हणाले. तिसऱ्या दिवशी लांतिंग म्हणाला, "आवाज जिथे गेलाय, तिथूनच आणावा लागेल."

तेव्हा कुठे गराईने बायकोला सगळं सांगितलं.  तिने पोरीला झोळीत बांधलं आणि होडीत जाऊन बसली.

रानात मादी तशीच पडली होती. तीन दिवस झाले होते... तिला मुंगीसुद्धा लागली नव्हती.

लांतिंगने भात आणि अंडं ठेवलं. गराईने माफी मागितली. मोठ्याने, सासऱ्यादेखत. सेंदी पोरीला मांडीवर घेऊन बसली.



दुपार कलली, आणि अळीने एकदम टाहो फोडला. खणखणीत! दोन हुंदके, एक उचकी.

सेंदीला रडू कोसळलं. गराईने दोघींना मिठीत घेतलं.

लांतिंग मात्र मान वर करून काहीतरी ऐकत होता.

"काय झालं, बाबा?"

"चूप. ऐक..."

ओढ्यापलीकडे रडणं चालूच होतं.

तेच हुंदके. तीच उचकी. मांडीवरची अळी श्वास घ्यायला थांबली, तरी पलीकडचा आवाज थांबला नाही.

सेंदी उठली. पोरीला छातीशी धरून ती ओढ्यात उतरली. "ती बघ... ती एकटीच आहे तिकडे..."

दोघांनी तिला अक्षरशः ओढत होडीत आणलं. नदीच्या वळणापर्यंत ते रडणं मागे येत होतं.

अळी आता मोठी झाली आहे. नाव ठेवलं, तरी घरात सगळे अळीच म्हणतात. चांगली आहे. दिवसभर बडबड करते. लांतिंग वारला. गराईने बंदूक पुन्हा हातात धरली नाही. म्हाताऱ्याची कुत्री तोच सांभाळतो.

"सेंदीने एकदाच विचारलं," तो मला म्हणाला. "म्हणाली, आपण खरी तीच घरी आणली ना?"

"मग? काय सांगितलंस तिला?"

बाहेर ओसरीवर अळी कुणाशी तरी मोठमोठ्याने हसत होती. गराई बराच वेळ तिचा आवाज ऐकत राहिला.

मग उठून कुत्र्यांना भात घालायला गेला.