राक्षसाचा श्वास

खेळ संपला, दिवे लागले, सगळे डोळे चोळत हॉलबाहेर आले, आणि काचेच्या पेटीत राक्षस नव्हता.

राक्षस तसा दीड फुटाचाच. आत पोलादी सांगाडा, वर रबर, आणि त्यावर एकेक करून खोचलेले काळे केस. पन्नास वर्षांपूर्वी तो पडद्यावरच्या तलावातून वर आला, तेव्हा भल्या भल्या मिशीवाल्यांनी पाय खुर्चीवर घेतले होते. स्टुडिओतली माणसं मात्र त्याला लाडानं 'बाळ' म्हणायची. त्याला घडवणारे आणि पडद्यावर हलवणारे म्हणून उस्तादांचं नाव झालं होतं. येत्या शुक्रवारी तोच चित्रपट धुऊनपुसून लख्ख केलेल्या नव्या प्रतीत पुन्हा लागणार होता. आजचा दुपारचा खेळ नुसता चाचणीचा.

मॅनेजरनं आधी दारं लावून घेतली, मग सगळ्यांच्या पिशव्या उपसल्या, आणि काहीच हाती लागलं नाही तेव्हा दारवानाकडे बोट केलं.

"पेटीपाशी तू होतास. सहापर्यंत बाळ समोर आलं नाही, तर पोलीस येतील आणि तू कायमचा घरी बसशील."

तीस वर्षं त्या दाराशी उभा राहिलेला माणूस मान खाली घालून गप्प राहिला. त्याचं ते गप्प राहणंच भाऊजींना खटकलं. त्यांनी आपल्या वहिनीला फोन लावला.

भाऊजी म्हणजे एके काळचे चित्रपट-परीक्षक. बाळाची कीर्ती त्यांच्याच लेखानं पसरली, असं ते स्वतः सांगत आणि ते खोटंही नव्हतं. वहिनींनी हयातभर विमा कंपनीसाठी खोटे दावे हुडकले होते आणि आता दारावर खासगी तपासाची पाटी लावली होती. दिराची अक्कल किती खोल पाण्यात आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण भाऊजींच्या डोळ्यांवर त्यांचा भरवसा होता. निदान त्या दुपारपर्यंत तरी होता.

वहिनी आल्या त्या थेट पेटीपाशी गेल्या. झाकणाला नुसती कडी होती. तळाला काळ्या दोऱ्याचे बारीक तुकडे पडले होते, सगळे सारख्या लांबीचे. शेजारच्या कचऱ्याच्या डब्यात स्वच्छ कापूस गच्च भरला होता.

"सामान बांधून आलं होतं, त्यातला असेल," मॅनेजर म्हणाला.

"पेटीला कुलूप का नाही?"

"उस्तादांच्या बहिणीचं, आत्याबाईंचं, बाळाला केस लावायचं काम चालू होतं ना. सारखी उघडझाक."

पेटीच्या वर भिंतीवर एक जुना फोटो होता. मध्यभागी बाळ, मागे हाताची घडी घालून उभे तरुण उस्ताद, आणि डाव्या काठाला मनगटापर्यंतचा एक हात. त्याच्या बोटावर शिवणकामाचं टोपण होतं.

"हा हात कोणाचा?"

"असेल कोणाचातरी," भाऊजी म्हणाले. "फोटो मीच काढलाय. मध्ये कोणीतरी येत होतं, म्हणून छापताना कड कापली. तरी तेवढा राहिलाच."

"बरं. आता खेळात काय झालं ते सांगा."

भाऊजींचा चेहरा खुलला. "काय प्रत केलीय वहिनी! केस न् केस मोजून घ्या. पडद्याच्या डावीकडचे तर सारखे सळसळत असतात. श्वास घेतो तो! पन्नास वर्षांपूर्वी मी हेच लिहिलं होतं, 'राक्षस श्वास घेतो'. सकाळी त्या कात्रणावर उस्तादांची सही घेतली. काय झोकात उजवा हात फिरवला त्यांनी, या वयात!"

"फक्त डावीकडचे केस?"

"हो. वारा असेल."

"बंद स्टुडिओत वारा?"

भाऊजींनी विषय बदलला. "मॅनेजर वर मशिनच्या खोलीत होता. दर दहा मिनिटांनी रीळ बदलायचं होतं आणि एकदाही खंड पडला नाही. उस्ताद काठीशिवाय चालत नाहीत, आणि काठी वाजली असती. आत्याबाई माझ्या शेजारी होत्या. मी शपथेवर सांगतो, त्या जागच्या हलल्या नाहीत. म्हणजे राहिला दारवान."

"शपथ जरा राखून ठेवा, भाऊजी."

दारवानाला त्यांनी बाजूला घेतलं. तो बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिला.

"मी आत गेलो होतो, बाई," शेवटी तो म्हणाला. "तो तलावातून वर येतो ना, तेवढा सीन. लहानपणी आईच्या पदराआडून पाहिला होता. दाराच्या पडद्याआड उभा राहून पुन्हा पाहिला. दहा-बारा मिनिटं असतील. राखणदारानं राखण सोडून सिनेमा बघितला, हे कोणत्या तोंडानं सांगू?"

"आत येताना दाराच्या पडद्यातून उजेड आला असेल."

"आला असणार. पण माझ्याकडे कोण बघतंय."

मॅनेजरला वहिनींनी एकच विचारलं. शुक्रवारी बाळ नसेल तर काय अडेल?

"काय अडेल? सगळंच! आज सकाळीच सगळ्यांना बातमी दिली मी. उस्ताद स्टेजवर बसणार, समोर कॅमेरा, आणि भरल्या हॉलमध्ये बाळाला एक पाऊल टाकायला लावणार. केसभर हलवायचं, एक चित्र घ्यायचं, पुन्हा केसभर हलवायचं. ते नको नको म्हणत होते, हात थरथरतात म्हणाले. मी म्हटलं, एकच पाऊल हो!"

उस्ताद बाकावर बसले होते. ऐंशीचे झाले तरी मान ताठ. पाठीशी गडद रंगाची उशी होती आणि तिच्यावर टेकून ते सारखी चुळबुळ करत होते.

"चिमे, ही कसली उशी केलीस गं? सकाळी मऊ होती. तू झटकून दिल्यापासून टोचतेय नुसती."

"असू दे दादा, जरा वेळ," आत्याबाई हळूच म्हणाल्या.

त्या पलीकडे खाली मान घालून केसांच्या झुपक्यांची टोकं कात्रीनं सारखी करत होत्या. कात्री डाव्या हातात होती. बाळाच्या अंगावरचा एकेक केस त्यांनीच लावलेला. स्टुडिओतली पोरंटोरं त्यांना आत्या म्हणायची, म्हणून साऱ्या गावाच्या त्या आत्याबाई झाल्या.

वहिनी उस्तादांजवळ टेकल्या. "एक शंका आहे. इतके महिने हाताळून बाळाचे सांधे सैल होत असतील ना? मग आवळायचात कसे?"

"सैल?" उस्ताद क्षणभर थांबले. "छे, छे. बाळ एकसंध आहे. फाडल्याशिवाय सांगाड्याला हातसुद्धा लागायचा नाही. माझं कामच तसं पक्कं."

आत्याबाईंची कात्री थांबली.

"भाऊजी, तुमचं ते कात्रण द्या बघू."

वहिनींनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं. "'रोज सकाळी बाळाच्या पाठीची शिवण उसवून सांधे आवळावे लागतात, नाहीतर दुपारपर्यंत ते मान टाकतं.' हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

भाऊजींनी डोकं खाजवलं. "तिथंच कोणीतरी. आता कसं आठवणार?"

साडेपाच झाले होते. मॅनेजर घड्याळ आणि फोन यांच्यामध्ये येरझारा घालत होता. वहिनींनी सगळ्यांना बाकाभोवती बसवलं आणि दारवानाला मुद्दाम आपल्या शेजारची खुर्ची दिली.

"बाळ या इमारतीतून बाहेर गेलेलंच नाही," त्या म्हणाल्या. "जाणार कसं? दारं बंद, पिशव्या रिकाम्या. पण दीड फुटाचं केसाळ बाळ लपवणं अवघड. ते लहान करायला हवं. कातडं काढलं की सांगाडा छत्रीसारखा मिटतो, कातडं गुंडाळता येतं. पेटीतले दोरे बघा. ओरबाडलेले नाहीत, टाका टाका मोजून कापलेत. शिवण कुठे आहे हे ज्याला ठाऊक, त्यानंच हे केलंय. दारवानाला ते माहीत नाही. मॅनेजरलाही नाही. आणि नवल म्हणजे, उस्तादांनाही नाही."

उस्तादांची मान पहिल्यांदाच थोडी वाकली.

"ज्यानं बाळाला महिनोन् महिने हलवलं, त्यानं रोज ती शिवण उसवली. हे भाऊजींनीच लिहून ठेवलंय. शिवण आहे हेच ज्याला माहीत नाही, त्यानं बाळाला कधी हलवलेलं नाही."

"वहिनी!" भाऊजी ओरडले. "तुम्ही कोणाबद्दल बोलताय?"

"पडद्यावरच्या केसांबद्दल बोलतेय, ऐका. दर चित्राआधी बाळाला बोटं लावावी लागतात. बोटं लागली की केस दबतात, दर वेळी निराळे. हाच तुमचा श्वास. हलवणारा कॅमेऱ्याच्या बाजूनं बाळाच्या पुढ्यात बसतो, म्हणजे उजव्या हाताचा माणूस पडद्याच्या उजवीकडचे केस दाबेल. इथं दबलेत डावीकडचे. उस्ताद सही उजव्या हातानं करतात. फोटोतला हातही डावीकडून येतो, आणि त्याच्या बोटावर शिवणकामाचं टोपण आहे."

सगळ्यांच्या नजरा त्या कात्रीकडे वळल्या. आत्याबाईंनी ती मांडीवर ठेवली आणि पदरानं झाकली.

"पण त्या माझ्या शेजारी होत्या!" भाऊजी कळवळून म्हणाले.

"होत्या. उजेडाची तिरीप आली, दारवान आत आल्याचं त्यांनी पाहिलं. अंधारात भावाच्या पाठची उशी झटकायला म्हणून घेतली, बाजूच्या दारानं बाहेर गेल्या, कापूस डब्यात कोंबला, बाळ उशीत घातलं. शिवण सकाळच्या कामासाठी अर्धी उसवलेलीच होती. परत येऊन उशी होती तिथं ठेवली. तुम्हाला कळलंच नाही, कारण तुम्ही राक्षस बघत होतात. पन्नास वर्षांपूर्वीही तेच बघत होतात." मग वहिनी मऊ आवाजात म्हणाल्या, "उस्ताद, जरा उठता का?"

उस्ताद काठीवर भार देऊन उठले. वहिनींनी उशीची खोळ सोडली. आधी काळे केस दिसले, मग पोलादाचा मिटलेला हात, मग काचेचा एक डोळा. ज्याच्यावर उस्ताद आयुष्यभर टेकून राहिले होते त्याच्यावरच ते दुपारभर टेकून बसले होते, आणि हे त्यांनाही कळल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"दादाला काही बोलू नका," आत्याबाई घाईनं म्हणाल्या. "त्याला यातलं काही ठाऊक नाही. शुक्रवारी भरल्या हॉलमध्ये त्याच्यानं पाऊल टाकवलं नसतं, आणि माझ्या दादाला लोक हसले असते. खेळ पार पडला की मी गुपचूप आणून ठेवणार होते." त्या दारवानाकडे वळल्या. "तुमच्यावर बालंट येईल हे डोक्यातच आलं नाही हो. आल्यावर बोलायला हवं होतं. जीभ उचलेना. याची मला फार लाज वाटते."

"तुला कसली लाज?" उस्तादांचा आवाज चिरकला. "सांगाडा मी जोडला, तेवढंच माझं. शिवणकाम करणाऱ्या पोरीचं नाव पडद्यावरच्या नावांच्या पाटीवर कोण घालतो, म्हणाले स्टुडिओवाले, आणि मी बरं म्हटलं. पुढच्या चित्रपटात सांगू म्हटलं. मग हारतुरे सुरू झाले आणि तोंड उघडायची हिंमत गेली. चोरी तुझी नाही चिमे. चोरी माझी, आणि तीही पन्नास वर्षांची."

मॅनेजर दारवानापाशी गेला आणि त्याची पडलेली टोपी उचलून देऊन परत आला.

भाऊजींना वाटलं, आपण निदान त्या केसांबद्दल तरी चार चांगले शब्द बोलावेत. "आत्याबाई, तो श्वास तुमचा होता. अहो, त्या श्वासावरच तर मी..."

"श्वास कसला हो," त्या म्हणाल्या, आणि आता मात्र त्यांचे डोळे भरले. "बोटं लागायची माझी. किती जपलं तरी केस दबायचेच. चूक होती ती. तुम्ही तिचं कौतुक केलंत, तेव्हा वाटलं, कोणाला कळलं नाही ते बरं झालं. आज नव्या प्रतीत ती एवढी मोठी दिसली, मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तुम्हाला त्या दिवशी सेटवर सांगणार होते. सांध्यांचं सांगितलं, मग हे सांगायला गेले, तर तुम्ही म्हणालात, 'बाई, जरा बाजूला होता का, फोटो घ्यायचाय.'"

भाऊजींना आता सगळं आठवलं. शब्द आठवले, आपला रुबाब आठवला. कुठे बघावं ते त्यांना कळेना.

शुक्रवारचं पाऊल आत्याबाईंनी टाकवायचं आणि ते सांगायला स्टेजवर आधी आपण उभं राहायचं, असं उस्तादांनी तिथंच ठरवलं. आत्याबाई नाही नाही म्हणत राहिल्या, पण बाळाची शिवण घालायला त्यांनी लगेच सुई ओवायला घेतली.

घरी येताच भाऊजींनी माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढला. त्यात त्या फोटोची मूळ फिल्म होती, न कापलेली. वहिनींनी ती दिव्याच्या उजेडात धरली आणि चष्मा लावून कडेपर्यंत निरखली.

"दिसतात का त्या?" भाऊजींनी विचारलं.

"दिसतात. पुरत्या बाजूला झाल्या नव्हत्या अजून." वहिनींनी फिल्म त्यांच्या हातात दिली. "कॅमेऱ्याकडे बघून हसतायत. त्यांना वाटलं, आपलाही फोटो काढतायत."

भाऊजींनी फिल्म डोळ्यांपाशी नेली आणि तशीच खाली घेतली. सकाळी फोटोचं दुकान उघडताच हा फोटो पुरता, कुठलीही कड न कापता, मोठा करून घ्यायचा, एवढं ते कसंबसं म्हणाले. त्या रात्री ते वहिनींच्या समोर जेवायला बसले नाहीत.