शिंक्यावरचं स्टेअरिंग

लालासाहेब पहिल्यांदा दुकानात आला तो नखशिखांत हळदीनं माखून. मिशीवर हळद, पापण्यांवर हळद, आणि हातात स्टेअरिंगचा मोडका तुकडा. बाहेर त्याची बिनटपाची, दोनच माणसांची लाल इंग्रजी गाडी हळदीच्या पोत्यांत नाक खुपसून उभी होती. सांगलीच्या बाजारातले हमाल पोट धरून हसत होते.

"स्टेरिंग मिळंल का?"

गल्ल्यावर बसलेल्या मालननं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हितं गाडीचे पार्ट मिळत्यात. नवरदेवाचं सामान पुढल्या गल्लीत."

तो हसला. हळदीतून पांढरेशुभ्र दात चमकले... आणि मालनला उगाचच काउंटरवरचे नटबोल्ट निवडायचं सुचलं.

गडी कोरेगावकडचा, नोकरी फौजेत. बदलीवर निघालेल्या कुणा मेजरसाहेबांनी ही जुनी स्पोर्ट्स कार त्याच्या गळ्यात मारली होती, आणि हा पठ्ठ्या सगळी रजा तिच्यापायी घालवायला निघाला होता. मावशीकडे मिरजेला जाता जाता स्टेअरिंगनं मान टाकली.

मालनचे वडील जुन्या पार्टांसाठी गावोगाव हिंडायचे, त्यामुळे दुकान तीच बघायची. तिनं अँब्यासिडरचं स्टेअरिंग काढून दिलं.

"मांडीला घासंल," तो म्हणाला.

जीपचं दिलं. "हे धरलं की परेडवर गेल्यागत वाटतंय."

फियाटचं दिलं. त्यानं ते डोळे मिटून धरलं, हवेतल्या हवेत दोन वळणं घेतली आणि मान हलवली. "पकड न्हाई..."

"गाडी चालवायची हाय का तिच्याशी लगीन लावायचंय?"

"जलमभर हातात धरायचं म्हंजे बघून घ्याय नगं व्हय?" त्याची नजर मालनच्या हातांवर थबकली, आणि दुसऱ्याच क्षणी मुकाट्यानं फियाटच्या स्टेअरिंगवर गेली.

मग तो मोडक्या स्टेअरिंगला आईच्या लुगड्याची चिंधी बांधून निघून जायचा, आणि चार दिवसांनी पुन्हा दारात हजर! कोरेगावहून इतकी धूळ खात. अहो, साताऱ्यात दुकानं काय मेली होती? डोकं उठवलं होतं मेल्यानं. त्यात कहर म्हणजे, तो चार दिवसांनी आला नाही की पाचव्या दिवशी मालनचं डोकं जास्तच उठायचं.

खरं तर तिचा सगळा वैताग स्वतःवरच होता. कारण तो दुसऱ्या खेपेला आला, तेव्हा चहाला दूध काढायला म्हणून ती मागच्या खोलीत गेली, शिंक्याला हात घातला आणि तशीच उभी राहिली. तिच्या आईनं, राहीबाईनं, कधीकाळी भंगारातलं एक स्टेअरिंग उचलून, त्याला दोऱ्या बांधून त्याचंच शिंकं केलं होतं. धुरानं काळं पडलेलं. पण आऱ्या त्याच, सतारीच्या तारांसारख्या बारीक, अगदी त्या मोडक्या तुकड्यासारख्या.

मालननं चहापुरतं दूध काढून पातेलं गुपचूप जागेवर ठेवलं होतं. दिलं, की हा गाडी घेऊन कायमचा पसार. आणि नाही दिलं, तर आपण लबाड. तो असा कोण लागून गेला होता तिचा? तरी बाहेर येऊन ती म्हणालीच, "बघू. बाबांस्नी सांगितलंय."

आता रजा संपत आली होती. रविवारी लोणंदचे पाहुणे मालनला बघायला यायचे होते. आणि शुक्रवारी हा पुन्हा काउंटरवर स्टेअरिंगांचा ढीग मांडून बसला होता.

"ह्याची पकड बरी हाय, पर—"

"पर काय?" मालनचा तोल सुटला. "आवं, काय पायजे ते एकदा तोंडानं सांगा की! परवा लोणंदचं पाव्हणं मला बघाय येत्यात. त्येंनी व्हय म्हटलं की मी चालले. मग बसा हितं पकड शोधत!"

लालासाहेबाचा चेहरा खर्रकन उतरला. त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, एवढ्यात आतून धाडकन आवाज आला, पाठोपाठ राहीबाईची आरोळी. "मेला बोका!"

दोघं आत धावले. खोलीभर दूध झालं होतं, बोका मन लावून चाटत होता, आणि दोरी तुटलेलं ते स्टेअरिंग गडगडत थेट लालासाहेबाच्या पायाशी येऊन आडवं झालं.

त्यानं ते उचललं. बाहीनं पुसलं. मालनच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"मला... म्हंजे, मी सांगणारच हुते—"

"मला ठावं हुतं."

"काय?"

"दुसऱ्या खेपेला च्या दिला न्हवं का तुमी? पडदा उघडाच हुता. तवाच दिसलं."

"तवाच? मग बोलला का न्हाई?"

"तुमी का न्हाई बोलला?"

एवढे दिवस हा माणूस तिला स्टेअरिंगं उचलायला आणि ठेवायला लावत होता! तिला त्याचा इतका राग आला, इतका राग आला... की हसूच फुटलं.

राहीबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. "शिंक्याचं तुटलं आन् बोक्याचं साधलं," ती म्हणाली. पण बघत होती लालासाहेबाकडे.

"मावशी," तो चाचरत राहीबाईला म्हणाला, "गाडीला दोनच शिटा हायत्या, आन् एक रिकामीच—"

"पुन्ना गाडीच!" मालन ओरडली.

त्यानं स्टेअरिंग खाली ठेवलं. "बरं. तू पायजेस. स्टेरिंग मिळू दे न्हाईतर ऱ्हाऊ दे."

बोकाही चाटायचा थांबला.

"असं दुधात हुबं ऱ्हाऊन सोयरीक हुत न्हाई," राहीबाईनं शेवटी बजावलं, पण आवाजातला कडकपणा पातळ झाला होता. "लोणंदला आमी निरोप धाडतो. तू आईबाला घिऊन ये. समदं रीतीनं हुईल. आदी नवऱ्याची हळद, मग त्याची उष्टी हळद पोरीला."

मालन फडकं घेऊन दूध पुसायला खाली वाकली होती. मान वर न करताच ती पुटपुटली, "त्येंची हळद पैल्याच दिशी झालीया. आता माझीच ऱ्हायलीय."