उजवीकडचा रिफॉर्मर

पिलाटीजच्या क्लासमध्ये माझ्या उजवीकडच्या रिफॉर्मरवरचा माणूस पाटासकट सर्रकन मागे गेला, धाडकन परत आला आणि छताकडे पाहत म्हणाला, “सॉरी.”

“सोपं जाईल म्हणून स्प्रिंग काढलीत ना?” शिकवणाऱ्या भाग्यश्री मॅडमनी विचारलं. “स्प्रिंग कमी, तेवढं स्वतःला जास्त सावरावं लागतं. सगळं आपल्यालाच कळत असेल तर मी घरी जाते.”

मी हसले... आणि लगेच ओशाळले. बाबांना जाऊन जेमतेम दीड महिना झाला होता.

आजारपणात त्यांना उठवून-बसवून माझी पाठ धरली होती. डॉक्टरांनी पिलाटीजचा व्यायाम सुचवला, म्हणून ऑफिस सुटल्यावर मी विमाननगरच्या या क्लासला येऊ लागले. रिफॉर्मर म्हणजे पलंगासारखी चौकट, तिच्यात स्प्रिंगांवर सरकणारा पाट, पायाशी आडवा दांडा. पाटावर निजायचं, दांडा पायांनी रेटायचा आणि स्प्रिंगच्या ओढीला न जुमानता सावकाश परत यायचं. मला ते जमायचं. फक्त श्वास रोखला जायचा.

“आम्रपाली, श्वास!” मॅडम ओरडायच्या.

काही दिवसांनी उजवीकडून हळूच ऐकू येऊ लागलं, “श्वास...”

“तुम्ही माझ्यावर लक्ष ठेवता?”

“छताकडे तरी किती वेळ बघणार?”

त्याचं नाव बुद्धभूषण. खराडीच्या एका कंपनीत होता. दिवसभर खुर्चीत बसून मान आखडलेली. मी त्याच्याशी बेताचंच बोलायचे. मी हैदराबादची बदली मागितली होती; ती मंजूर झाली होती, सोमवारी होकार कळवायचा होता. येरवड्याच्या घरात बाबांची रिकामी खोली ओलांडल्याशिवाय स्वयंपाकघरात जाता येत नव्हतं.

शुक्रवारी क्लास सुटला तेव्हा पाऊस होता. रिक्षा मिळेना. बुद्धभूषणने छत्री उघडून दोघांवर धरली, मधे वीतभर अंतर ठेवून.

“एक विचारू? श्वास का रोखता तुम्ही?”

“सवय,” मी म्हणाले. “शेवटी-शेवटी बाबांचा श्वास फार बारीक झाला होता. माझ्या श्वासाचा आवाज मधे यायचा... म्हणून रोखून धरायचे. ऐकू यावा म्हणून.”

वाईट झालं, काळजी घ्या, असलं काही न म्हणता त्याने येणाऱ्या रिक्षाला हात केला; ती थांबली नाही.

“मी हैदराबादला चाललेय,” मी घाईने म्हणाले.

“कधी?”

“सोमवारी होकार कळवला की पंधरा दिवसांत.”

“जाऊ नका, असं म्हणायचा मला काय हक्क?” त्याने छत्रीची मूठ घट्ट धरली. “पण... मला तुम्ही आवडता. हे न सांगता जाऊ दिलं असतं तर मानेबरोबर बाकीचंही सगळं आखडलं असतं.”

हसू आलं. त्याच्या पाठोपाठ, कुठून कोण जाणे, रडू फुटलं. दवाखान्यात आलं नव्हतं, वैकुंठ स्मशानभूमीतही नाही. इथे, भर रस्त्यात, रिक्षावाले बघत असताना.

तो थोपटायला पुढे आला नाही. छत्री तेवढी माझ्याकडे कलती झाली, आणि तो भिजत उभा राहिला.

“इकडे या,” शेवटी मी म्हणाले. “भिजताय. आणि सोमवारी मी... नकार कळवणार आहे.”