छाती फुगवून शहाऐंशी

धम्मदीप वानखडेचं डोकं आकड्यांत चालायचं. सकाळी सहा ते दहा तो अमरावतीत गाडगे नगरातल्या एका क्लासमध्ये पोलीस भरतीच्या पोरांना गणित शिकवायचा, आणि जेवण झालं की खोलीवर येऊन मोबाइलवर 'काळकोट' नावाचा गेम उघडायचा. खेळायचा म्हणाल तर फारसा खेळायचाच नाही. राक्षस, किल्ले, खजिने यांचं त्याला काडीचं कौतुक नव्हतं. त्याला मजा यायची ती लढवय्या घडवण्यात. एकूण पन्नास पॉइंट मिळतात. त्यातले ताकदीला किती द्यायचे, चपळाईला किती, हातात कुऱ्हाड द्यायची की गदा, चिलखत कातड्याचं की लोखंडाचं, हा सगळा हिशोब म्हणजे बिल्ड. धम्मदीप ते बिल्ड वहीत मांडायचा, गेममधल्या सरावाच्या मैदानावर तपासायचा आणि मग वऱ्हाडीत व्हिडिओ करून टाकायचा. अकोल्यापासून परतवाड्यापर्यंतचे अकरा हजार पोट्टे ते व्हिडिओ पाहायचे.

त्याचं एकच तत्त्व होतं आणि ते तो प्रत्येक व्हिडिओत घोकायचा. "कोनाच्या बापाचं आयकू नका. माहंही आयकू नका. शंभर घाव मारा, सरासरी काढा, मंगच आकडा माना." पोरांना हे फार आवडायचं. कमेंटमध्ये धम्माभाऊ, धम्माभाऊ व्हायचं आणि हा गडी ते वाचून आतल्या आत फुलायचा, खोटं कशाला बोला.

खोलीत दुसरा होता किशोर. अंजनगाव सुर्जीचा, घरी पानमळा, पाच वर्षांपासून पोलीस भरतीच्या मागं लागलेला. अंगानं सडसडीत, स्वभावानं हसरा आणि हातानं डावरा. गोळाही डाव्या हातानंच फेकायचा. दोन वेळा तो थोडक्या मार्कांनी हुकला होता आणि या वर्षानंतर वयात बसणार नव्हता. पलंगाच्या उशाशी त्यानं स्केचपेननं स्वतःची मापं लिहून चिकटवली होती. उंची १७१. वजन ६४. छाती ८१, फुगवून ८६. रोज उठल्यावर तो त्या कागदाला नमस्कार करायचा आणि धम्मदीप त्याची टर उडवायचा.

झालं असं की व्हिडिओ पाहणाऱ्या पोरांचे आकडे एकमेकांशी जुळेनात. सरावाच्या मैदानावर एक पुतळा असतो, लाकडाच्या खांबावर गवत बांधलेला. त्याला मारून आपल्या हत्याराचा जोर मोजायचा. पण ज्याचा त्याचा पुतळा वेगळा, कोणाचा थोर, कोणाचा बारका, मग आकडे कसे जुळणार? धम्मदीपनं ठरवलं, सगळ्यांसाठी एकच पुतळा करू. गेममध्ये पुतळ्याची मापं भरता येत होती आणि तयार पुतळा इतरांना पाठवताही येत होता.

उंची विचारली तेव्हा त्यानं सहज समोर पाहिलं. भिंतीवर मापं तयारच होती. १७१ टाकलं. ६४ टाकलं. छाती विचारली, ८१ टाकलं. त्याखाली आणखी एक रकाना आला. 'श्वास भरल्यावर छाती.'

धम्मदीप खो खो हसला. "अबे किशोर, या गेमले तुह्या भरतीतल्या सायबानं बनवलं वाटते. फुगवून किती म्हनते!"

किशोर दोरीवर बनियन वाळत घालत होता. "टाक ना शहाऐंशी," तो म्हणाला. "तिथं तं सिलेक्शन होऊ दे माहं."

धम्मदीपनं शहाऐंशी टाकलं. पुतळा तयार झाला. त्याला 'प्रमाण पुतळा' असं नाव देऊन त्यानं तो सगळ्यांसाठी खुला केला. पोरांनी तो पुढं आपल्या दोस्तांना पाठवला आणि आठवडाभरात तो अडतीस हजार जणांनी घेतला.

त्याच दिवशी धम्मदीप रीतीनं कामाला लागला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्याचा शिरस्ता. आधी जुन्या पुतळ्याच्या डोक्यावर शंभर घाव, छातीवर शंभर, पोटावर शंभर, डाव्या खांद्यावर शंभर. आकडे सगळे सारखे. मग त्यातला डावा खांदा तेवढा नव्या पुतळ्यावर मारला, तर आकडा दुप्पट निघाला. त्यानं पुन्हा शंभर मारले. पुन्हा दुप्पट. गवताच्या पुतळ्याला डावं-उजवं कसं असेल, हा प्रश्न त्याला पडला होता, पण तो प्रश्न त्यानं बाजूला सारला. 'आठ पाकळ्यांची गदा, डावा खांदा, डॅमेज डबल' असा व्हिडिओ टाकला. तो इतका चालला की क्लासमधली पोरंसुद्धा वर्गात शिट्ट्या मारायला लागली.

सोमवारी किशोर भरतीच्या मैदानावरून आला तो खांदा चोळत. "काई लागलं नाई गड्या, पन ठनकून राह्यलं," म्हणाला. बुधवारी त्यानं शर्ट काढला तेव्हा खांदा काळानिळा होता. त्या काळ्यानिळ्यावर वळ होते, एकमेकांवर चढलेले, प्रत्येक वळ मधून गोल आणि कडेनं आठ टोकांचा.

धम्मदीपनं ती आठ टोकं मोजली. दोनदा मोजली. त्याचं डोकं म्हणालं, योगायोग आहे, दुसरं काय असणार? त्यानं फक्त एवढंच केलं, की व्हिडिओखाली विचारलं, 'तुमच्या गेममध्ये छाती फुगवून किती, असा रकाना येते काय?' दोनशे जणांनी उत्तर दिलं. असा रकाना कोणाच्याच गेममध्ये नव्हता.

शुक्रवारी भरतीच्या मैदानावर सरावाची चाचणी होती. किशोरनं हट्टानं त्याला सोबत नेलं. ऊन चढलेलं होतं, पोरं घामेजून कठड्यावर बसली होती. किशोर वर्तुळात उभा राहिला, गोळा मानेच्या डाव्या बाजूशी धरला, श्वास भरला.

त्याचा खांदा आत दबला.

आजूबाजूला कोणी नव्हतं. कोणी हात लावला नव्हता. पण वरून काहीतरी आदळावं तसा खांदा खोबणीतून खाली गेला, कापसाची वाळलेली पऱ्हाटी मोडल्यासारखा आवाज झाला आणि गोळा त्याच्याच पायाशी पडला. किशोर गुडघ्यावर बसला. खांदा पुन्हा दबला. पुन्हा. चौथ्या वेळी बनियन लाल झालं आणि हाडाचं पांढरं टोक बाहेर आलं. कठड्यावरचे पोट्टे ओरडत उठले आणि मागं सरकले. पुढं कोणीच गेलं नाही. धम्मदीपलासुद्धा त्याच्यापर्यंत जायला वेळ लागला, आणि त्याची त्याला जन्मभर लाज वाटणार होती.

दवाखान्यात डॉक्टरनं एक्स-रे उजेडासमोर धरला आणि धम्मदीपकडं संशयानं पाहिलं. "कोणी मारलं याला?"

"कोनीच नाई सर. मी तिथंच होतो."

"हे एका माराचं काम नाही. हाडाचा भुगा झालाय. हजारदा मारल्याशिवाय असं होत नाही. पोलिसांना कळवावं लागेल."

अंजनगावहून किशोरची आई माणिकबाई आली.  पिशवी खाटेखाली सरकवली, पदर खोचला आणि लेकाच्या पायाशी बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खाली चहा आणायला गेली तेव्हा धम्मदीप किशोरजवळ एकटा होता. डॉक्टर काही सांगू शकत नव्हते. आणि धम्मदीपला एक गोष्ट माहीत होती, जी तो तीन दिवसांपासून स्वतःलाही सांगत नव्हता. ती तपासायचा एकच मार्ग होता. त्याचा तोच जुना मार्ग.

त्यानं मोबाइल काढला. गेममधल्या सरावाच्या मैदानावर गेला. सगळ्यांत हलकं हत्यार घेतलं, फळं कापायची सुरी. ताकद शून्यावर आणली. पुतळ्याची उजवी मांडी निवडली, कारण तिथं आजवर कोणीच मारलं नव्हतं. मग किशोरच्या मांडीवरची चादर बाजूला केली.

एकच घाव. त्यानं बोट टेकवलं.

पडद्यावर ३ असा आकडा आला.

किशोरच्या उजव्या मांडीवर बोटभर लांबीची रेघ उमटली. क्षणभर ती कोरडी होती. मग तिचे काठ उघडले आणि रक्त गुडघ्याकडं वाहायला लागलं.

किशोरनं डोळे उघडले. मांडीकडं पाहिलं. धम्मदीपच्या हातातल्या मोबाइलकडं पाहिलं, त्यातल्या पुतळ्याकडं. त्याला समजावून सांगायची गरजच पडली नाही.

"तू होय काय बे?" तो म्हणाला.

 धम्मदीपनं चादरीचा बोळा त्या जखमेवर दाबून धरला आणि तो ढसाढसा रडला. "मले मालूम नव्हतं रे. तुही शपथ, मले मालूम नव्हतं."

"मंग थांबव ना." किशोर चिडला नव्हता, तेच वाईट होतं. "ते सारे तुहंच आयकतात ना? सांग ना त्याईले. म्या काहून मरू?"

धम्मदीपनं आधी स्वतःचा पुतळा पुसला. काही झालं नाही, कारण अडतीस हजार पुतळे अडतीस हजार मैदानांवर उभे होते. मग व्हिडिओ काढून टाकला. तासाभरात तोच व्हिडिओ दुसऱ्या तिघांनी टाकला. शेवटी त्यानं दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून नवा व्हिडिओ केला. खरं सांगितलं तर वेडा ठरवतील, म्हणून खोटं सांगितलं. "माहा आकडा चुकला. डाव्या खांद्यावर डबल भेटत नाई. तो पुतळा खराब हाये, आजच पुसा."

आपल्या शब्दाला एवढं वजन आहे, तर पोरं ऐकतील, अशी त्याची खात्री होती. तो वर येऊन खाटेजवळ बसला आणि वाट पाहत राहिला.

पहिली कमेंट पाच मिनिटांत आली. 'भाऊ, शंभर घाव मारून पाह्यले. डबलच येते.'

दुसरी. 'माह्याकडंही डबल. तुमी परत मोजा.'

'तुमीच शिकवलं ना, कोनाचं आयकू नका, मारून पाहा. पाह्यलं. पुतळा बरोबर हाये.'

'मी तं गेम सोडला होता, खास हे तपासाले परत आलो. शंभर झाले, आता उजव्या खांद्यावर मारतो.'

'पोटावर कोनी मोजलं काय?'

'मी मोजतो.'

खाटेवर किशोर एकदम कमानीसारखा वाकला. मग तो ओरडला. गुराचं नरडं कापावं तसा, सलग, श्वास घ्यायलाही न थांबता. उजवा खांदा दबला. पोटावर सपकन एक वळ उठला, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. नर्स धावत आली, इंजेक्शन दिलं. पुढच्या वेळी दोन दिली. गुण आला नाही. सलाइनची सुई उडाली, चादरी बदलल्या, पुन्हा भिजल्या. वॉर्डातले बाकीचे पेशंट कानावर उशा घेऊन पडले. कोणाचा तरी नातेवाईक येऊन माणिकबाईला म्हणाला, "बाई, याले दुसरीकडं हलवा ना, आमचं मानूस घाबरून राह्यलं." तिनं लेकाचे पाय आणखी घट्ट धरले.

धम्मदीप लिहीत होता. थांबा. पाया पडतो. खरंच माणूस मरतो आहे. जिन्यात, वॉर्डात, न्हाणीघराच्या दाराशी, जागा मिळेल तिथं उभा राहून तो लिहीत होता. पोरं हसण्याचे चेहरे पाठवत होती. एकानं लिहिलं, 'धम्माभाऊले याच्याहून भारी बिल्ड सापडलं, म्हनून हे लपवून राह्यला.' मग काय, गर्दी दुप्पट झाली. ज्यांनी पुतळा घेतला नव्हता, त्यांनीही घेतला.

किशोर दोन दिवस ओरडत होता. सोमवारी दुपारी डॉक्टरांनी माणिकबाईला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. ती परत आली, पायाशी बसली आणि खाटेच्या लोखंडी दांडीवर तिनं कपाळ टेकवलं. दोन रात्री तिचा डोळा लागला नव्हता.

धम्मदीपच्या हातात मोबाइल थरथरला. अचलपूरच्या एका पोरानं विचारलं होतं.

'भाऊ, शनिवारपासून तो पुतळा लयच बोंबलून राह्यला. कान किटले. घरचे शिव्या देतात. काई उपाय?'

धम्मदीप उत्तर लिहायच्या आत दुसऱ्यानंच ते लिहून टाकलं. 'सोपं हाये. सेटिंगमधी जा. आवाज. सरावाचं मैदान. शून्य करा.'

त्याखाली अंगठे वाढायला लागले. चाळीस. दोनशे. नऊशे. 'थँक्यू भाऊ, झालं.' 'माहंही झालं.' 'आता कसं शांत वाटते.'

वॉर्डातही शांत झालं. पंख्याची घरघर ऐकू यायला लागली. पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं कानावरची उशी काढली आणि कोणीतरी "सुटलो" म्हणालं.

माणिकबाईनं दांडीवरचं डोकं उचललं नाही. डोळे मिटलेलेच होते. "लागला वाटते डोळा माह्या लेकराचा," ती हळूच म्हणाली. "बाबू, आता बोलू नको बरं. झोपू दे त्याले."

 किशोरचं तोंड सताड उघडं होतं, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या, आणि तो डोळे फाडून धम्मदीपकडंच पाहत होता.