फावेल?

खंडेराव मार्केटात पापडीच्या ढिगापुढे एक उंच तरुण बावचळून उभा होता. भाजीवाली त्याला तिसऱ्यांदा विचारत होती, "अढीसो फावशे?"

मला राहवेना. "पाव किलो फावेल का, असं विचारतेय ती."

"फावेल? कुणाचं फावेल?" तो वळला... आणि बघतच राहिला. "आमच्या साताऱ्यात एकाचं फावलं की दुसरा बुडाला म्हणून समजा."

"आमच्या बडोद्यात तसं नाही. जे जमतं, रुचतं, ज्यात जीव रमतो — ते फावतं."

"असं? मग उद्या याच वेळी इथं यायला... तुम्हाला फावेल?"

आगाऊ कुठला, असं मी मनात म्हटलं. आणि घरात दोन दिवसांची भाजी असताना दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन निघाले.

हे त्र्याण्णव सालचं. भास्कर प्रतापनगरला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होता आणि फावल्या वेळात — पुन्हा तेच बघा — कथा लिहायचा. उत्तरायणाला आमच्या गच्चीवर तो पतंग उडवत होता, फिरकी माझ्या हातात. मांजा ढिला सोडत, पाठमोराच म्हणाला, "संयोगिता, जन्मभर अशी फिरकी धरायला फावेल?"

"फावेल," मी म्हटलं. कान तापले होते माझे.

"हा शब्द मी कधी लिहिणार नाही. तो आपल्या दोघांचा." वचन मी मागितलं नव्हतं, त्यानंच दिलं.

लग्न झालं. पुस्तकं आली, बक्षिसं आली, भास्करचा भास्करराव झाला. अठ्ठ्याण्णव साली पाचव्या महिन्यात आमचं बाळ गेलं. आता पुन्हा आशा धरू नका, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तो माझ्या खाटेवर बसला, हात हातात घेतला. "दोघंच राहू... फावेल?" मी भिंतीकडे तोंड करून "फावेल" म्हटलं. तो एक शब्द काढायला मला किती वेळ लागला, ते त्यानं पाहिलं होतं.

पाच वर्षांनी त्याच्या कादंबरीवर सिनेमा निघाला. नामवंत लेखकाचा संसार. लहरीपुऱ्याजवळच्या थिएटरात आम्ही पहिल्या रांगेत बसलो. पडद्यावरची बायको बडोद्याची, गुजराती मिसळून बोलणारी, बावळट. दवाखान्याची खाट आली. लेखकानं विचारलं, आणि तिनं मान डोलावून म्हटलं, "फावेल!"

थिएटर हसलं. मी भास्करकडे पाहिलं. तो पडद्याकडे नाही, लोकांकडे बघत होता. हशा आला तसे त्याचे खांदे सैल झाले.

बाहेर आल्यावर म्हणाला, "रागावलीस? अगं, तुझा शब्द आता घराघरांत जाईल."

"अहो, दवाखान्यात विचारलंत ना मला... ते माझ्यासाठी, की लिहिण्यासाठी?"

तो हातातल्या तिकिटाच्या घड्या घालत राहिला. 'तुझ्यासाठी' म्हणायला एवढा वेळ लागत नाही.

मग हळूच म्हणाला, "सिनेमावाले मुंबईत घर देतायत. नव्यानं सुरू करू, संयोगिता. फावेल?"

डोळ्यांत तेच, मार्केटातलं बघणं. खोटं कशाला बोलू — आतून हललेच मी.

"दहा वर्षं बडोद्यात राहून तुम्ही साताऱ्याचेच राहिलात," मी म्हटलं. "तुमचं फावलं, भास्करराव."

लोक म्हणतात तसं मी त्याला पहिल्यांदाच भास्करराव म्हटलं. मग रिक्षाला हात केला आणि एकटीच बसले.