बेटावर जायला काय लागतं

"हसू नका."

"हसत नाहीये. चेहराच असा आहे."

तिने कॅमेऱ्यामागून डोकं बाहेर काढलं. पांढऱ्या पडद्यासमोर, स्टुलावर बसलेल्या त्या उंच तरुणाने ओठ घट्ट मिटले होते खरे, पण गाल काही ऐकत नव्हते. स्टुडिओ बंद करायची वेळ झाली होती. बाबांनी पुढचे दिवे मालवले होते, आणि हा माणूस फोटोवर फोटो वाया घालवत होता.

"पासपोर्टच्या फोटोत हसलेलं चालत नाही. आणि केस मागे घ्या, दोन्ही कान दिसायला हवेत."

"कानांचं काय काम?"

"सांगितलेलं ऐकू येतं की नाही, ते बघतात."

मग तर तो मोठ्यानेच हसला. शेवटी तिने फोटो काढला तेव्हा तो हसत नव्हता... नुसता तिच्याकडे बघत होता. तिलाच कॅमेरा उगीच पुसावासा वाटला.

समुद्राचं खारं पाणी गोड करणारी यंत्रं बसवणं हे त्याचं काम. आता कंपनी त्याला दूरच्या एका बेटावर पाठवणार होती. यंत्राबरोबर जहाजाने जायचं, आणि पासपोर्टशिवाय जहाजावर पाय ठेवू देत नाहीत, असं कंपनीने सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो फोटो न्यायला आला. मग जास्तीच्या प्रती हव्यात म्हणून आला. मग एकदा काहीच कारण न सांगता आला आणि बाबांशी हवापाण्याच्या गप्पा मारत बसला. "या पाणीवाल्याला अजून किती फोटो लागणार आहेत?" बाबांनी तिला विचारलं, आणि ती कानापर्यंत लाल झाली.

पासपोर्ट हातात येईपर्यंत 'अहो'चं 'अरे' झालं होतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी दोघं नदीवरच्या पुलावर उभे होते. वाऱ्याने तिची ओढणी सारखी त्याच्या खांद्यावर जात होती, आणि ती ओढून घेत नव्हती.

"तू ये तिकडे," तो म्हणाला. "आधी बघून जा. आवडलं तर—"

"तर?"

"तर परतीचं तिकीट फाडून टाकू."

"आणि नाही आवडलं तर?"

"तर मी गुपचूप फाडेन."

तिने दुसऱ्याच आठवड्यात पासपोर्टसाठी अर्ज केला, आणि घोळ तिथेच झाला. तिच्या जन्मदाखल्यावर नाव होतं 'बेबी'. घाईघाईत लिहिलेलं ते नाव पुढे कुणी बदललंच नव्हतं.

"ही बेबी कोण?" खिडकीमागच्या बाईंनी विचारलं.

"मीच."

"मग ओळखपत्रावरचं हे नाव कुणाचं?"

"तेही माझंच."

बाईंनी कागद परत सरकवले. शाळेचा दाखला आणा, प्रतिज्ञापत्र करा, वर्तमानपत्रात जाहिरात द्या. एक कागद जोडला की दुसरा कमी पडायचा.

"काय बेबी, आला का पासपोर्ट?" तो फोनवर चिडवायचा. तीही हसायची. पण अर्ज परत आला की तिला वाईट वाटायचं, आणि त्या वाईट वाटण्याखाली कुठेतरी हायसंही वाटायचं. बाबांचे हात हल्ली थरथरायचे, फोटो हलायचे. हे तिने त्याला कधी सांगितलं नाही. पासपोर्टचं कारण पुढे करणं सोपं होतं.

हळूहळू त्याचं 'बेबी' म्हणणं थांबलं. "तुला यायचं तरी आहे ना?" एकदा त्याने विचारलं.

"म्हणजे काय? पासपोर्टशिवाय कशी येऊ?"

पुढे फोन कमी झाले. मग नुसते मेसेज... मग तेही विरळ.

वर्ष उलटून गेलं. एका दुपारी एक निवृत्त शिक्षिका सहलीचे फोटो छापून घ्यायला आल्या. यंत्रातून एकेक फोटो बाहेर पडू लागला. निळं पाणी, धक्का, नारळाची झाडं, आणि त्याच बेटाच्या नावाची पाटी.

"काकू, तुम्हाला पासपोर्ट लगेच मिळाला?"

"पासपोर्ट कशाला लागतो गं? आपल्याच देशाचं बेट आहे. थेट विमान आहे, फोटोचं ओळखपत्र दाखवलं की झालं. जहाजाने गेलीस तर लागतो, ते वाटेत परक्या बंदरात थांबतं ना."

रोज पासपोर्टचे फोटो काढणाऱ्या तिने हे कुणाला, कधी विचारलंच नव्हतं.

बाबांनी आतून सगळं ऐकलं होतं. "जा," ते म्हणाले. "दुकान मी बघतो."

"पण तुमचा हात—"

"हात हलला तर गिऱ्हाइकाला सांगेन, तुम्हीच हललात."

तिने त्याला फोन केला. "मी येतेय. परवा."

तो थांबला. जरा जास्तच थांबला. मग म्हणाला, "...ये."

विमानतळावरच्या मुलीने ओळखपत्र पाहिलं, तिचा चेहरा पाहिला आणि कार्ड परत दिलं.

"एवढंच?" तिने विचारलं.

"एवढंच, मॅडम."

तिचे डोळे का भरून आले, ते त्या मुलीला कळलं नाही.

तो न्यायला आला होता. उन्हाने रापला होता, गालांवरचं हसू मात्र कुठे दिसत नव्हतं. गाडी समुद्राच्या कडेने चालली होती तेव्हा तो समोर बघतच म्हणाला, "फोनवर सांगायला हवं होतं. जमलं नाही. इथल्या दवाखान्यात नर्स आहे ती... पुढच्या महिन्यात लग्न आहे आमचं."

ती बाहेर बघत राहिली. "चांगली आहे?"

"चांगली आहे." मग तो म्हणाला, "विमानाला पासपोर्ट लागत नाही, हे मला नंतर इथे कळलं. वाटलं, तुला ते माहीत असणारच, पासपोर्ट हे तुझं निमित्त आहे."

"थोडंसं होतंही," ती म्हणाली. "पण थोडंसंच."

त्याने गाडी कडेला घेतली. दोघं खाली उतरून दगडांवर बसले. पाणी पायांपर्यंत येऊन परत जात होतं.

"तेव्हाच आली असतीस तर?" त्याने विचारलं.

त्याच्या आवाजातलं ओझं तिला ऐकवेना. ती हसली. "तर आठ दिवसांत तुझ्याशी भांडून परत गेले असते."

"नक्की?"

"अगदी नक्की."

तोही हसला. ती खोटं बोलतेय हे त्याला कळलं होतं, आणि त्याला ते कळलंय हे तिलाही. ऊन उतरेपर्यंत दोघं तिथेच बसून राहिले, आणि त्या खोट्याला दोघांपैकी कुणीही हात लावला नाही.