रिकाम्या खुर्चीवरची चौकट

सन दोन हजार एकोणीस, जानेवारीची अखेर. थंडी अशी, की गाद्यांच्या गोदामाचं लोखंडी दार हाताला चावायचं. त्या दुपारी कॅमेरेवाला शिडी घेऊन आला. म्हाताऱ्या वॉचमनने सकाळीच दाढ काढून घेतली होती. गाल टम्म सुजलेला, आणि दंतवैद्याच्या गोळीने डोळे आतापासूनच मिटत होते.

मालकांनी रजा दिली नाही.

"आज रात्रीपासून कॅमेरा सुरू. खुर्चीतला माणूस हलायचा थांबला, की माझा फोन वाजणार. एकदा जरी वाजला, तर उद्यापासून येऊ नका."

एवढं बोलून ते गाडीत बसले. वॉचमनने गाडीला सलाम ठोकला. या वयात दुसरी नोकरी कोण देणार? आणि चहूबाजूंनी गाद्या रचून माणसाला जागं राहा म्हणायचं, यालाही छाती लागते.

कॅमेरेवाल्याने कॅमेरा भिंतीवर बसवला, दाराजवळच्या खुर्चीवर रोखला आणि खाली उतरून कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर बसला.

"काका, खुर्चीत बसा. माणूस दिसला की हा त्याच्याभोवती हिरवी चौकट काढतो."

वॉचमन बसला. चौकट आली.

"आता हलू नका."

थोड्या वेळाने पीं पीं वाजलं.

"तुम्ही झोपलात असं वाटलं त्याला."

"फोटो काढून घेताना तू नाचतोस का रे?"

"मी फक्त बसवतो, काका. अक्कल त्याची त्याला."

वॉचमन उठून पडद्यापाशी आला. चौकट खुर्चीवरच राहिली.

कॅमेरेवाला पुन्हा शिडीवर चढला, काच पुसून आला. चौकट होती. ऊन पडत असेल म्हणून खिडकी लावली. चौकट होती. सेन्सिटिव्हिटी पार तळाला नेली. चौकट होती, शिवाय आता थोडी मागे रेलून बसली होती.

"कोळ्याचं जाळं असेल," म्हणून त्याने झाडू घेतला. वॉचमन पडद्याकडे बघत राहिला. झाडू जवळ येताच चौकट उठली, बाजूला उभी राहिली, झाडून झाल्यावर परत बसली. कॅमेरेवाल्याने मान वळवून तेही पाहिलं.

गाद्या आवाज गिळतात. त्या गोदामात दुपारीसुद्धा स्वतःचा श्वास ऐकू यायचा. आता त्यात बामचा वास मिसळला. गुडघ्यांना चोळतात तो, उग्र.

"काका... हे कोण?"

वॉचमनने वास घेतला. "हवालदार."

"पोलीस?"

"माझ्याबरोबरचा वॉचमन. सगळ्यांवर हुकूम सोडायचा, म्हणून ते नाव पडलं. पावसाळ्यात वारला."

"वारला... म्हणजे..."

"वारला म्हणजे वारला. त्यात आणखी काय असतं?"

"अँगल बरोबर आहे, काका," कॅमेरेवाला हळूच म्हणाला. "बाकीचं फोनवर सांगतो."

शिडी दारात आडवी अडकली. ती तशीच टाकून तो गेला.

वॉचमनने शिडी भिंतीला लावली. मग खुर्चीसमोर उभा राहिला.

"हवालदार, मेव्हण्याशी भांडायला गेलास, तेव्हा तुझी ड्युटी मी केली. आल्यावर माझी एक करीन म्हणालास. भांडण जिंकून आलास आणि दोन दिवसांत गेलास. मी तगादा लावला नाही. पण आज मला झोप हवी आहे. काय ते बघ."

पडद्यावर चौकट उठली. सावकाश दारापर्यंत गेली. कडी वाजली... ती मात्र खरोखर. वॉचमनच्या पाठीवर सर्रकन काटा आला. थंडीचा आहे, असं त्याने ठरवलं. अंधार पडल्यावर मागच्या थप्पीवर चढला आणि घोरू लागला.

सकाळी गाडीचा हॉर्न ऐकून तो धडपडत खुर्चीत येऊन बसला. मालक खुशीत होते.

"फोन एकदाही वाजला नाही. मला वाटलं बिघडला, म्हणून रेकॉर्डिंग पाहिलं. हे बघा."

करड्या चित्रात खुर्चीवर ताठ बसलेला माणूस. डोळे मांजरासारखे चमकणारे, ओठांवर झुपकेदार मिशा. मध्येच उठून गोदामाला फेरी घालत होता.

"मिशा कधी ठेवल्यात?"

वॉचमनने आपल्या गुळगुळीत ओठावरून हात फिरवला. "रात्री."

"मग आत्ता?"

"काढल्या. टोचत होत्या."

मालकांनी त्याचा सुजलेला गाल पाहिला, फोन पाहिला, पुन्हा गाल पाहिला.

"नोकरीची काळजी करू नका. पण पहाटे हे काय केलंत?"

चित्रातला माणूस कॅमेऱ्याखाली आला होता. त्याने वर पाहिलं, एक बोट उभं केलं आणि मिटलं. त्यानंतर खुर्ची रिकामी होती, चौकटही नव्हती.

"एक ड्युटी राहिली होती," वॉचमन म्हणाला. "फिटली."